विमानावर वीज ‘पडते’ का?

‘विमानावर वीज पडली’ हा प्रयोग योग्य आहे का, आणि विमानाच्या टोकांशी कधीकधी उमटणाऱ्या ज्या निळसर प्रकाशाला वैमानिक ‘सेंट एल्मोज फायर’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे, असे हे दोन प्रश्न आहेत.

‘पडणे’ या क्रियापदात वरून खाली येऊन टेकण्याची कल्पना आहे. झाडावर, घरावर, गुराढोरांवर वीज पडते, कारण ती तिथून जमिनीत उतरते. विमान मात्र अधांतरी असते. ढगातील विद्युतभारांच्या मधून जाताना त्याच्या नाकापासून, पंखांच्या टोकांपासून आणि शेपटीपासून विजेच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांना फुटतात; बहुतेक वेळा विमान तिथे नसते, तर ती वीज चमकलीच नसती. प्रवाह एका टोकाने शिरतो, बाहेरच्या पत्र्यावरून वाहतो आणि दुसऱ्या टोकाने निघून जातो. तेवढ्या क्षणातही विमान पुढे सरकत असल्यामुळे विजेचे टोक मागेमागे टेकत जाते, आणि विमान उतरल्यावर तपासणी करणाऱ्याला नाकाकडून मागे गेलेली, वितळलेल्या बारीक ठिपक्यांची ओळ दिसते.

‘विमानावर वीज पडली’ याऐवजी ‘विमानातून वीज गेली’ असे म्हणावे, हा एक पर्याय शास्त्राला धरून आहे, पण तो वाचून कोणालाही आतले दिवे गेले असेच वाटेल. मला ‘विमानाला विजेचा तडाखा बसला’ हे सर्वांत नेमके वाटते. उन्हाचा किंवा वादळाचा तडाखा बसतो तेव्हा दिशा सांगावी लागत नाही, आणि तडाखा सोसूनही उभे राहता येते. विमानेही बहुधा सुखरूप पुढे जातात. ‘बहुधा’ हे मी जाणूनबुजून लिहितो, कारण ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत एल्कटनजवळ विजेने पॅन ॲम या विमान कंपनीच्या बोईंग ७०७ च्या टाकीतील इंधनाची वाफ पेटली आणि विमानातील सर्व ८१ जण मृत्युमुखी पडले.

दुसऱ्या प्रश्नातील ‘फायर’साठी ‘आग’ हा शब्द मला मुळीच मान्य नाही. २४ जून १९८२ च्या रात्री जावाजवळ ३७,००० फुटांवर ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाच्या काचेवर निळसर-पांढरा प्रकाश खेळू लागला आणि इंजिने आतून उजळल्यासारखी दिसू लागली. काहीही जळत नव्हते. गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेचे कण घासून विमानावर विद्युतभार साचत होता. राख कोरडी असल्यामुळे हवामानाच्या रडारवर ती दिसली नाही, आणि थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली. राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान जकार्तात उतरवले.

टोकांशी आणि कडांशी उमटणाऱ्या या प्रकाशाला ‘एल्मोची प्रभावळ’ म्हणावे, असे मी सुचवतो. देवाच्या मूर्तीमागच्या प्रभावळीत तेज असते, धग नसते. शब्दाला देव्हाऱ्याचा वास येतो असा आक्षेप कोणी घेईल, पण मूळ नावातला एल्मोही खलाशांचा रक्षणकर्ता संतच आहे.