मुलांच्या दप्तरातलं प्लॅस्टिक कसं कमी करायचं?

विश्रामबागची आई
नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. मुलगी तिसरीत जाणार, मुलगा सहावीत. 15 जून जवळ आलाय आणि हरभट रोडवर खरेदीची झुंबड आहे. धाकटीला चित्रांची प्लॅस्टिकची कव्हरं हवीत, थोरल्याला नवी बाटली. गेल्या वर्षीच्या वह्यांत कितीतरी पानं कोरी आहेत, पण "जुनी वही नेली की पोरं हसतात" म्हणतो. रागावले तर घरात ऐकतील, वर्गात नाही. त्यांना आपणहून करावंसं वाटायला हवं. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटतात, त्याऐवजी तुम्ही काय देता?

वाळव्याच्या बाई
ताई, मी वाळवा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना सांगत बसू नका, कामाला लावा. आम्ही आठवडाभर वर्गातला केर टाकलाच नाही. कागद, पेन्सिलीची सालं, खाऊची वेष्टनं असं कोपऱ्यात वेगवेगळं साठवलं. मग भंगारवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी कागद-पुठ्ठा उचलला, चकचकीत वेष्टनं तिथंच ठेवली. "ही का नाही नेत?" मुलांनीच विचारलं. "याला गिऱ्हाईक नाही बाळांनो." मग मी फळ्यावर काढून दाखवलं: वेष्टनात प्लॅस्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. त्यानंतर डब्यांत फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू दिसायला लागले. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या.

वाढदिवसाला आमच्याकडे एका मुलीने तासगावचे बेदाणे स्टीलच्या डब्यातून आणले आणि प्रत्येकाच्या ओंजळीत घातले. वर्ग खूश! एकही वेष्टन नाही.

प्रकल्पांकडेही लक्ष द्या. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी मुलं प्रकल्पासाठी तोच मागतात. पुठ्ठा वापरा, नाहीतर ज्वारीची धाटं. धाटांची बैलगाडी कशी करायची हे आजोबांना विचारायला लावा.

कृष्णाकाठ
आम्ही गावभागातले. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांपर्यंत चढलं होतं, धोक्याची पातळी 45. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांच्या फांद्यांना पिशव्या लटकत होत्या. माझ्या पोराने ते बघितलंय, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मात्र पूर प्लॅस्टिकमुळे आला असं मुलांना सांगू नका. तो पावसाने आला. गल्लीतलं गटार तुंबतं ते पिशव्यांनी, हे खरं आणि ते त्यांना दारात दिसतं.

मिरजकर
बाटलीबद्दल माझं मत वेगळं आहे. घरातली प्लॅस्टिकची बाटली धड असेल तर ती टाकून स्टीलची आणायची घाई कशाला? गळायला लागली की बदला आणि तेव्हा स्टीलची घ्या. डब्याचंही तेच. कव्हरांना खाकी कागद किंवा जुन्या कॅलेंडरची जाड पानं, कोरी बाजू वर. धाकटीला त्यावर स्वतः चित्रं काढू द्या, दुकानातली मागणार नाही. पावसात भिजतात हे खरं, म्हणून वर्गशिक्षिकेशी आधी बोलून घ्या. काही शाळा प्लॅस्टिकचीच कव्हरं सांगतात.

विश्रामबागची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. बेदाणे पक्के! धाकटी कॅलेंडर उतरवून बसलीय. थोरला जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांच्या वह्या शिवायला तयार आहे, पण पुठ्ठा स्वतःच निवडणार म्हणतो. चार-पाच वह्यांसाठी बाइंडर काम घेतात का?

वाळव्याच्या बाई
एवढ्यासाठी बाइंडर नकोच. दाभणाने भोकं पाडा, जाड दोरा दुहेरी घ्या आणि कणा डिंकाने चिकटवा. भोकं तुम्ही पाडा, दोरा त्याला ओवू दे. फक्त चौकटीची आणि एकरेघी पानं आधी वेगळी करा, नाहीतर गणिताच्या वहीत मधेच निबंधाचं पान येतं.