रॅम्पवरचे झटके (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार

ए-१०२ (सकाळी ६:१४): पुन्हा तेच. आज सलग चौथा दिवस. रॅम्पवर गाडी धडधड, बंद, पुन्हा सेल्फ, पुन्हा धडधड. आमची बेडरूम बरोबर रॅम्पच्या वर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ह्यांचं ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नाही हेही माहीत आहे. नाव घेत नाही.

बी-४०३: काकू सॉरी, माझीच गाडी. मुद्दाम नाही करत हो. चाकणला पहिली शिफ्ट आहे. आत्ता भोसरीच्या सिग्नलला आहे, पोचलो की लिहितो.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, पार्किंगमध्ये गाडी उभी करून रेस देऊ नये. मागच्या सभेत ठराव झालेला आहे.

बी-४०३ आई: ठराव सगळ्यांना सारखा असतो ना? रात्री साडेअकराला सी विंगखाली हॉर्न वाजतात तेव्हा ठराव कुठे असतो? माझा मुलगा पोटासाठी पाचला उठतो.

सी-४०४: सी विंगचं नाव कशाला मधेच? तो पाहुण्यांचा हॉर्न होता, मी तेव्हाच माफी मागितली होती.

ए-५०४: ई-२० पेट्रोल. एका शब्दात उत्तर. जुन्या गाड्यांना हे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालत नाही.

बी-४०३ (दुपारी ३:५०): सुटलो. काकू, खरं सांगतो, गाडीचंच काहीतरी झालंय. २०१३ ची आहे, १५० सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा त्यातच मिसळते, इंजेक्शन नाही). चाळीसच्या पुढे मस्त पळते. पण २०-२५ ला एकसारखी रेस धरली की पुढे-मागे झटके मारते. रॅम्पवर पहिल्या गियरला तर उड्या मारते आणि बंद पडते. नाशिक फाटा ते मोशी ट्रॅफिकमध्ये मनगट दुखून येतं. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. २८०० गेले. झटका तसाच.

बी-३०२: ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रिसेट कर. बॅटरीची वायर १० मिनिटं काढून ठेव. माझ्या गाडीला लगेच फरक पडला होता.

डी-१०१: अरे, तुझ्या गाडीला इंजेक्शन आहे. त्याच्या गाडीला नाही. दुचाकींना इंजेक्शन सर्रास आलं ते १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ (धुराचे नवे नियम) आल्यावर. २०१३ च्या कार्बोरेटरच्या गाडीत रिसेट काय करणार तो?

बी-३०२: बरं काका. मी फक्त सुचवलं.

ए-५०४: ई-२० पेट्रोल. एका शब्दात उत्तर.

डी-१०१: बाळा, तू आधी मला तीन गोष्टी सांग. एक, मेन स्टँडवर न्यूट्रलला रेस दिलीस तर इंजिन अडखळतं का? दोन, रस्त्यावर झटके मारत असताना क्लच दाबलास तर काय होतं? तीन, रेस सोडताना आणि पुन्हा देताना मागून "खट्" असा आवाज येतो का? गॅरेजवाल्याने हे विचारलं का?

बी-४०३: नाही विचारलं काका. डायरेक्ट कार्बोरेटर उघडला.

डी-१०१: तेच तर. झटका म्हटलं की कार्बोरेटर उघडायचा. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपला ३१ वर्षं काढली. बस आली की पहिला दिवस फक्त विचारण्यात जायचा. ड्रायव्हरला विचारा, कंडक्टरलाही विचारा. पाना नंतर.

डी-३०३: काका माझी स्कूटर पण सिग्नलवरून निघताना थरथरते 🙏 त्याला पण हेच का?

डी-१०१: नाही ताई. स्कूटरला चेन नाही, बेल्ट आहे. निघतानाच थरथरते आणि मग नीट चालते म्हणजे बहुतेक क्लच शू आणि त्याची वाटी. धूळ बसते, शू चकचकीत होऊन घसरतात. साफ करून हलकं घासून मिळेल. तुम्ही वेगळं लिहा, इथे गोंधळ होईल.

सी-४०४: आता प्रत्येकाने आपापली गाडी आणा, डी-१०१ खाली शिबिर 😄

सेक्रेटरी: कृपया पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामे करू नयेत.

बी-४०३ आई: घ्या. आवाज केला तरी बोलणी, दुरुस्त केलं तरी बोलणी.

ए-१०२: बोलणी कोणी घातली? मी चार दिवस गप्प बसले होते. रात्री दोनदा उठावं लागतं, पहाटे कुठे डोळा लागतो. तुमच्या घरी आजारपण असतं तर तुम्ही काय केलं असतं?

बी-४०३: आई प्लीज. काकू तुमचं बरोबर आहे. उद्यापासून गाडी बंद ठेवून रॅम्पवरून ढकलत वर नेईन, गेटबाहेर सुरू करेन.

डी-१०१: दीडशे किलोची गाडी रॅम्पवर ढकलू नकोस, पाठ जाईल. दोन-तीन दिवस गेटजवळ वर लाव. सेक्रेटरी, एवढी परवानगी द्या.

सेक्रेटरी: ठीक आहे, गुरुवारपर्यंत. पाण्याच्या टँकरची वाट अडता कामा नये.

मंगळवार

बी-४०३ (संध्या. ५:२०): काका, तिन्ही बघितलं. १) मेन स्टँडवर एकदम स्मूद. २) क्लच दाबला की झटका लगेच थांबतो. ३) हो, खट् येतो. मागच्या चाकाकडून.

ए-५०४: लोक ऐकतच नाहीत. ई-२० पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी साचतं.

डी-१०१: ए-५०४, इथेनॉल पाणी ओढतं हे अगदी खरं. मग तपासूया, त्यात काय. बाळा, कार्बोरेटरच्या खाली ड्रेन स्क्रू आहे. त्यातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. इंजिन गार असताना कर आणि जवळ कोणी सिगारेट ओढत नाही हे बघ.

बी-४०३: घेतलं. फोटो टाकलाय. थर नाही. स्वच्छ आहे.

ए-५०४: फोटोत नीट दिसत नाही.

डी-१०१: मी खाली जाऊन बघून आलो. पाणी नाही.

आता सगळ्यांसाठी एकदाच लिहितो, मोठं होईल. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं. १५०० आरपीएमला मिनिटाला ७५० ठोके, म्हणजे सेकंदाला १२-१३. मधल्या वेळात गाडी फक्त फ्लायव्हीलच्या जोरावर जाते. एसटीच्या सहा सिलिंडरला तेवढ्याच फेऱ्यांत सहा ठोके मिळतात, म्हणून प्रवाशाला ते जाणवत नाही. मोटरसायकलला प्रत्येक ठोका चेनवरून चाकाला जातो. चेन ढिली असली तर ठोक्याला ती ताणते, मधे सैल पडते, पुन्हा ताणते. चाकाच्या आत ड्रम रबर असतात, ते हा धक्का गिळतात. ते चपटे झाले की धक्का सरळ चाकाला, आणि खट्. वेगात ठोके जवळजवळ येतात आणि चेन कायम ताणलेली राहते, म्हणून ४० ला काही कळत नाही.

आणि गियर कोणता असतो २५ ला? चौथ्या-पाचव्यात असेल तर नवी कोरी गाडीसुद्धा झटके मारेल.

बी-४०३: दुसरा किंवा तिसरा काका.

डी-१०१: मग गियरचा दोष नाही. चेन बघ. मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार ठिकाणी खालची चेन वर-खाली करून मोज. एकाच ठिकाणी मोजून थांबू नकोस, बहुतेक मेकॅनिक तिथेच चुकतात. साधारण २५ ते ३० मिलिमीटर असावी, पण तुझ्या गाडीचं पुस्तक आधी बघ. इंजिन बंद ठेव. चालू चाकात चेनजवळ बोट नेलेले लोक मी पाहिलेत.

सी-४०४: काका आमच्या ग्रुपचे विद्यापीठ 🙏

बी-३०२: काका, क्लच दाबल्यावर झटका थांबला म्हणजे इंजिन निर्दोष, बरोबर ना?

डी-१०१: नाही, पूर्ण नाही. चांगलं विचारलंस. क्लच दाबला की इंजिनवर लोड राहत नाही. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर तो दोष बिनलोडला लपतो. म्हणून अजून एक चाचणी. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर चोक अर्धा ओढून त्याच वेगाने चालव. चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढतं. झटका कमी झाला तर हवा जास्त जातेय. काहीच फरक नाही पडला तर फक्त चेनचं काम.

ए-५०४: हवा जास्त म्हणजेच लीन. लीन म्हणजेच ई-२०.

डी-१०१: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, हे मी नाकारत नाही. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून सुधारून घेते, कार्बोरेटर नाही घेत. पण मग ह्याच पंपावर भरणाऱ्या सोसायटीतल्या बाकी जुन्या गाड्या का उड्या मारत नाहीत?

ए-५०४: मारतील.

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सी-४०४: काय होतं ते? कोणी वाचलं का?

सेक्रेटरी: विषयावर रहा.

बुधवार

ए-१०२ (सकाळी ६:३०): आज आवाज आला नाही. धन्यवाद. (गाडी वर होती म्हणून, माहीत आहे.)

बी-४०३ (संध्या. ५:४५): काका मोजलं. एका जागी ४५ मिमी, अर्धी फेरी फिरवली की १५. आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) हाताने पुढे-मागे हललं, चाक न हलता.

डी-१०१: सापडलं. चेन काही ठिकाणी जास्त झिजली आहे. अशी चेन ताणू नको. सैल जागा नीट केलीस तर घट्ट जागा जास्तच घट्ट होईल, आणि त्याचा मार गियरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. पूर्ण चेन सेट बदल, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. नव्या चेनला जुनं स्प्रॉकेट घातलंस की सहा महिन्यांत पुन्हा तेच. ड्रम रबरही बदल. आणि चोकचं काय झालं?

बी-४०३: तेच विचारणार होतो. अर्ध्या चोकला झटका थोडा कमी झाला. पण खट् तसाच. आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फट् फट् येतं ते चोकला बंद झालं.

डी-१०१: म्हणजे दोन दोष आहेत. गॅरेजवाला एकाच्या मागे लागला आणि तोही अर्धाच शोधला. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे जो रबरी पाइप आहे, मॅनिफोल्डचा, तो बघ. वाकवून बघ, चिरा असतील. गाडी आयडलला (रेस न देता चालू) ठेव आणि स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी त्या रबरावर मार. आयडलचा आवाज बदलला तर तिथूनच फुकटची हवा आत जातेय.

बी-४०३ आई: काका, तुम्ही जेवायला या रविवारी. दोन महिने हा पोरगा रोज चिडून घरी येत होता.

डी-१०१: आधी गाडी होऊ दे वहिनी.

बी-४०३: बदलला!! पाणी मारलं की आयडल दणकन खाली येतं आणि मग वर. खालच्या बाजूला दोन लांब चिरा आहेत. वरून दिसतच नव्हत्या.

ए-५०४: रबर कशाने फुटला? विचारा काकांना. ई-२०.

डी-१०१: चिरा बाहेरच्या बाजूने आहेत, पेट्रोल आतून जातं. बारा वर्षं इंजिनची उष्णता खाऊन रबर कडक झालंय. तुझं म्हणणं मी दर वेळी तपासलं, टाळलं नाही. आता हे तूही बघायला ये.

ए-५०४: 👍

डी-३०३: काका स्कूटरचं मी वेगळं लिहिलं होतं, दिसलं का?

शनिवार

बी-४०३ (दुपारी १:१०): झालं. चेन सेट, ड्रम रबर, मॅनिफोल्डचं रबर. दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, काकांचे मेसेज वाचून दाखवले. त्याने अॅक्सिलेटर केबलचा ढिलेपणाही काढला, मूठ बरीच फिरली तरी काही होत नव्हतं, आता २-३ मिमी आहे. तिसऱ्याला २५ ला सरळ रेषेत चालते. काका, थँक्यू. काकू, आज संध्याकाळी तुम्ही जाग्या असताना रॅम्पवरून एकदा चढवून दाखवतो.

ए-१०२: दाखवायला नको. सोमवारी पहाटे कळेलच. आणि तू त्या दिवशी ढकलत नेईन म्हणालास ते मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्याला सांग, ढकलू नको.

डी-१०१: नवी चेन सुरुवातीला ताणते. ५०० किलोमीटर झाले की पुन्हा चार ठिकाणी मोज. विसरलास तर मी विचारेनच.

सेक्रेटरी: गेटजवळ चेनच्या तेलाचे काळे डाग पडलेले आहेत. कोणी पाडले?

बी-४०३: मीच. संध्याकाळी भुसा टाकून साफ करतो.