मुतखडा झाला होता, बोअरच्या पाण्याला आरओ घ्यावा का? बजेट ८,०००

खानदेशी_गडी: भुसावळ, वय ३४, बाईकवर फिरतीची नोकरी. मार्चात ७ एमएमचा खडा दुर्बिणीने काढला, पंधरा दिवस स्टेंट (लघवीच्या वाटेत ठेवलेली बारीक नळी). वडिलांनाही दोनदा झालाय. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो, तोच किडनीत बसत असणार. ८,००० च्या वर जाणार नाही.

निवांत_नाना: आम्ही १९,००० चा घेतला, तांब्याचा. घ्यायचा तर चांगलाच घ्या.

चकलीताई: सासूबाई जन्मभर विहिरीचं पाणी प्यायल्या, काही नाही. मला नळाच्या पाण्यावर दोनदा! टोमॅटोच्या बिया सोडा आधी.

कळवळलेला: बियांचं काही नसतं हो. माझा खडा लॅबला दिला, कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. रोज पालकाचा ज्यूस आणि वर व्हिटॅमिन सी च्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या, तब्येतीसाठी! दोन्हींनी ऑक्झलेट वाढतं, म्हणून दोन्ही बंद झालं. दूध-दही मात्र डॉक्टरांनी चालू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं म्हणे. मी घाबरून वर्षभर ताकही प्यायलो नव्हतो.

चकलीताई: तेच म्हणते, पालक आणि टोमॅटो.

निवांत_नाना: माझा बिअरने पडला.

कळवळलेला: मी बिअर घेतली, रात्री अ‍ॅडमिट.

माठातलं_पाणी: गडी, दिवसाला लघवी किती होते? अडीच लिटर व्हायला हवी. उन्हात फिरणाऱ्याचं बरंच पाणी घामात जातं. त्यात शेवभाजी-पापड: मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. वडिलांचा वारसा बदलता येत नाही, हे येतं. पातेल्यावरच्या थराचा खड्याशी तेवढा संबंध नाही.

खानदेशी_गडी: खरं सांगू? सकाळी नऊ ते चार पाणीच पीत नाही. प्यायलो तर जायचं कुठे? गिऱ्हाइकाच्या दुकानात मुतारी विचारायची लाज वाटते.

चकलीताई: तुम्हाला भिंत तरी मिळते. आम्ही एसटी स्टँडवरचं दार उघडून नाक दाबून परत फिरतो.

माठातलं_पाणी: मग पेट्रोल पंप हेरून ठेवा. दोन बाटल्या डिकीत. लिंबू पिळा, मीठ-साखर नको.

खानदेशी_गडी: सगळ्यांचे आभार. काल आरओ बसवला, ९,४०० ला पडला. पातेलं लख्ख राहतंय, घरचेही खूश.

माठातलं_पाणी: आणि बाटल्या?

निवांत_नाना: टाकी किती लिटरची?