मदत हवी आहे: मोडेम कनेक्ट होतो पण पीपीपी (फोन लाइनवरून नेटवर्क जोडणारा प्रोटोकॉल) सुरूच होत नाही

डेबियन १२ लिनक्सवर एक्स्टर्नल सिरियल मोडेम यूएसबी कन्व्हर्टरने जोडलाय, म्हणजे टीटीवाययूएसबी० वर दिसतो, विनमोडेम (ड्रायव्हर सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेला मोडेम) नाहीये. युजर डायलआउट ग्रुपमध्ये आहे, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी आहे. मिनिकॉममध्ये (सिरियल टर्मिनल प्रोग्राम) एटी कमांड दिली की ओके येतं, नंबर फिरवला की कनेक्ट ३३६०० येतं, आणि दोन सेकंदांनी समोरून लॉगिन प्रॉम्प्ट पण दिसतो, तिथे टाइप केलेलं बरोबर जातं. म्हणजे लाइन आणि केबल ठीक असावी.

पण पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्राम) ने डायल केलं की चॅट स्क्रिप्ट (मोडेमला डायलच्या कमांड देणारी) कनेक्टपर्यंत नीट जाते आणि मग डिबग लॉगमध्ये एलसीपी कॉन्फिगरिक्वेस्ट (पीपीपी सुरू करायची पहिली विनंती) १० वेळा पाठवलेली दिसते, उत्तर एकही नाही, साधारण ३० सेकंदांनी टाइमआउट होऊन लाइन कट. लूपबॅकचा (आपलाच डेटा परत येत असल्याचा) मेसेजही येत नाही.

स्पीड ११५२०० वरून ३८४०० केला, सीआरटीएससीटीएस (हार्डवेअर फ्लो कंट्रोल) चालू-बंद दोन्ही करून पाहिलं, नोऑथ (समोरच्याची ओळख तपासू नका) दिलंय, मोडेम फॅक्टरी रिसेट पण केला. फरक शून्य.

समोरचं मशीन लिनक्स आहे, त्यावर एमगेट्टी (मोडेमवर आलेला कॉल घेऊन लॉगिन देणारा प्रोग्राम) चालतं, पण लांबच्या साइटवर असल्यामुळे तिथली सेटिंग मला बघता येत नाही, आणि तिकडे दुसरं नेटवर्क नाही, त्यामुळे डायल-अपच लागणार. लॉगिन-पासवर्ड माझ्याकडे आहे.

माझी चॅट स्क्रिप्ट कनेक्टवर संपते. एमगेट्टीचं ऑटोपीपीपी (पीपीपीची विनंती आपोआप ओळखणारी सोय) तिकडे बंद असेल तर असंच होतं का, आणि तसं असेल तर स्क्रिप्टमध्ये लॉगिन-पासवर्ड टाकल्यावर पीपीपी आपोआप सुरू होईल की शेल मिळाल्यावर समोर पीपीपीडी वेगळा चालवावा लागेल?