तळघरातल्या खोलीसाठी गरम पाण्याची लाइन

मी: मोठा मेसेज आहे, निवांत वाचा. आई-बाबा नोव्हेंबरात इकडे अमेरिकेत, वूस्टरला येताहेत. बाबांना जिना चढवत नाही आणि आमच्या तळघराचं दार थेट मागच्या अंगणात उघडतं, म्हणून तीच खोली त्यांना द्यायची ठरवलीय. पण थंडीत तिथे बसवत नाही.
घर १९२० च्या दशकातलं, वाफेवर तापणारं. प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप. त्यातून वाफ वर जाते आणि तिचं पाणी होऊन त्याच पाइपातून बॉयलरला परत येतं. तळघरात रेडिएटर लावला तर तो बॉयलरच्या पाण्याच्या पातळीखाली जातो, मग त्यातलं पाणी परत येणार कसं? म्हणून वाफेला हात न लावता बॉयलरमधलं गरम पाणीच पंपाने खोलीत फिरवायचं. भिंतीलगत पत्र्याच्या पात्या लावलेला तांब्याचा पाइप, इकडे त्याला बेसबोर्ड म्हणतात, तो १४ फूट बसवलाय.

ताई: एवढं कशाला? इलेक्ट्रिक हीटर लाव ना.

मी: मॅसॅच्युसेट्समध्ये वीज फार महाग आहे गं, आणि रात्रभर चालवायचं. शिवाय वाफेचा बॉयलर घेताना पाइप तापवायला म्हणून साधारण एक तृतीयांश ताकद जास्तीची धरलेली असते. बेसबोर्डला फुटामागे तासाला ५००-६०० बीटीयू (हे उष्णतेचं माप) लागतात, ते त्यात सहज भागतं. नुसती ही खोली तापवायची असेल तर पाणी १८० फॅरनहाइटला, म्हणजे ८२ सेल्सिअसला पोचलं की बर्नर बंद होतो. वाफ होतच नाही.
पण पंप सुरू झाला की दारावरून गेलेल्या पाइपात हातोडा मारल्यासारखे ठोके पडतात. प्लंबर म्हणाला, होईल बंद आपोआप. चार दिवस झाले. व्हिडिओ टाकलाय.

मोठे काका: पाहिला. पाइप दारावरून नेलाय तिथे सगळ्यात वर एक पितळी डबी दिसते. ती काय?

मी: हवा आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह.

मोठे काका: तिथेच चुकलं. आमच्या कारखान्यात बॉयलर ४५ किलो प्रेशरचा होता, तुझा पाव किलोसुद्धा नाही. बंद असताना तर आत आणि बाहेर सारखंच. मग दारावरचं पाणी वर कशाने थांबणार? स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं टोक बोटाने दाबलं की पाणी धरून राहतं, बोट काढलं की पडतं. ती डबी म्हणजे बोट काढल्यासारखं आहे. पंप थांबला की ती बाहेरची हवा आत घेते आणि पाणी बॉयलरमध्ये उतरतं. मग पंप सुरू झाला की त्या हवा भरलेल्या पाइपात पाणी आदळतं, तेच तुझे ठोके. बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काच असते ना, गेज ग्लास, त्यात सकाळी पातळी चढलेली दिसते का?

मी: हो काका! बोटभर वर असते. मला वाटलं कुठला तरी भरणा व्हॉल्व्ह गळतोय.

मोठे काका: गळत नाहीये. डबी काढून तिथे प्लग मार. हवा एकदाच, खालच्या कॉकला नळी लावून, नळाच्या दाबाने पाणी सोडून काढायची. आणि पंप बीडाचा आहे का?

मी: ब्राँझचा. तेवढं मी आधीच बजावलं होतं. वाफेच्या बॉयलरमध्ये सतत हवा येते-जाते, बीड गंजलं असतं.

मोठे काका: शाबास. पंपाच्या आधी गाळणी हवी, त्या जुन्या बॉयलरमधून गंज येणारच. अजून एक. वरच्या मजल्यांसाठी वाफ चालू असताना खोलीचा पंप सुरू झाला तर?

मी: तेव्हा पाणी २१२ फॅरनहाइटच्या वर असतं...

मोठे काका: तेच उकळतं पाणी दारावर गेलं की वर दाब कमी, लगेच वाफ धरेल आणि पुन्हा ठोके. खोलीतून परत येणारं थोडं कोमट पाणी पंपाच्या तोंडाशीच मिसळ. मध्ये एक जोड पाइप आणि दोन व्हॉल्व्ह, बस.

आई: रे बाळा, ते फुटणार-बिटणार नाही ना?

मोठे काका: वहिनी, काळजी करू नका. पाणी कमी झालं तर बर्नर बंद करणारा कटऑफ त्याला असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तरी मी फोनवर सगळं बघून घेतो.

(तीन दिवसांनी)

मी: डबी काढली, प्लग मारला, जोड पाइपही टाकला. दुसरा प्लंबर बोलावला, दीड तासात झालं. काल रात्री वाफ आणि पंप दोन्ही एकदम चालू होते. मी दाराखाली कान लावून उभा होतो, पात्यांची बारीक टिकटिक सोडली तर काही नाही. खोली ६८ फॅरनहाइटवर स्थिर. सकाळी गेज ग्लासमध्ये पाणी रात्री होतं तिथेच.

मोठे काका: बर्नर बंद असताना त्या पातळीला काचेवर एक रबरबँड चढव. चालू असताना पाणी हलतं, तेव्हा बघू नये. रोज सकाळी कुणीतरी नजर टाकायची.

बाबा: मी पहाटे पाचला उठतोच. चहाच्या आधी बघत जाईन.