बारा बोअर बंदुकीच्या परवान्याची मुदत संपायला ७४ दिवस उरलेत, नूतनीकरणाचं कसं करायचं?

खटावचा_हवालदार
नमस्कार मंडळी. २०१४ ला फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव खटाव तालुक्यात, नोकरी साताऱ्यात, कॅश व्हॅनवर गनमन. डबल बार बारा बोअर माझी स्वतःची. परवाना चालू तर पगार चालू, असं आमचं काम.

मागच्या खेपेला अर्ज मुदतीनंतर अकरा दिवसांनी गेला. बंदूक ठाण्यात जमा झाली, चौकशीचा कागद फिरत राहिला आणि मी चार महिने घरी बसलो. परत मिळाली तेव्हा नळ्या आतून तांबेऱ्यानं लाल. तिथेच बाकावर बसून तेल घातलं, रॉडला चिंदी लावून ओढली. चार चिंद्या लाल निघाल्या, पाचवी जरा बरी. एकवीस वर्षं सरकारचं हत्यार आरशासारखं ठेवलं आणि स्वतःच्या बंदुकीची ही गत. फार लागलं मनाला.

या वेळी चूक नको. अर्ज नक्की कधी द्यायचा? मुदत तीन वर्षांची का पाच? आणि पोरगा म्हणतो, अर्जाची पोच हातात असली की मुदत संपली तरी बंदूक जवळ ठेवता येते. खरं आहे का?

कराडकर_सुभेदार
रामराम हवालदार. २०१६ च्या शस्त्र नियमांत मुदतीच्या ६० दिवस आधी अर्ज द्यायला सांगितलंय. म्हणजे तुमच्या हातात दोनच आठवडे. अर्ज नमुना ए-३ मध्ये. परवान्यावर युआयएन नंबर (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडलाय का ते आजच बघा, नसेल तर आधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत जा. शारीरिक आणि मानसिक तब्येतीचा डॉक्टरी दाखला काढून ठेवा.

काडतुसांचा हिशोबही मांडून ठेवा. किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक. माझ्या वेळी दोन काडतुसं जुळेनात. शेवटी जुन्या पट्ट्याच्या खिशात सापडली, तोवर घामाघूम झालो होतो.

आणि गावाहून एसटीनं जाताना बंदूक पूर्ण झाकलेली, कव्हरमध्ये आणि हाताशी पाहिजे. सार्वजनिक जागेसाठी तसा नियमच आहे.

सांगलीचे_वकील
शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

मुलाचं म्हणणं मात्र मनातून काढून टाका, साहेब. पोच म्हणजे परवाना नव्हे. विनापरवाना बंदूक सापडली तर शिक्षा किमान २ वर्षं, कमाल ५. मुदत संपेपर्यंत नवा परवाना हातात आला नाही, तर त्याच दिवशी जमा करा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या ठाण्यात जमा होते, तशीच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही होते. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विक्रेत्याकडे हत्यार तेल लावून ठेवायची सोय असते का ते आधी बोलून घ्या. बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय हलू नका.

शिराळ्याचा_शेतकरी
वकीलसाहेब, आमच्याकडे डुकरांनी भुईमूग ठेवला नाही. वडील ७२ वर्षांचे, बंदूक त्यांच्या नावावर. माझ्या नावावर करायला त्यांच्या माघारीच जावं लागतं का?

सांगलीचे_वकील
नाही दादा. परवानाधारकाला ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, की हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. वडील हिंडतेफिरते आहेत तोवरच करून घ्या.

खटावचा_हवालदार
सुभेदारसाहेब, वकीलसाहेब, मनापासून आभार. विक्रेत्याकडे जमा होते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. परवाना काढून बघितला, युआयएन आहे. काडतुसं मोजली, सतरा, वहीशी जुळली. उद्या सुट्टी टाकलीय. सकाळी डॉक्टर, तिथून सरळ कलेक्टर ऑफिस.