लहान खोलीसाठी स्पीकर निवडताना: जमिनीवर उभे राहणारे मोठे की स्टँडवरचे छोटे?

प्रश्न

नमस्कार. माझी संगीत ऐकण्याची खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. सध्या माझ्याकडे जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर आहेत आणि त्यांच्या प्रत्येक पेटीत १६५ मिलिमीटरचे दोन वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे पडदे) आहेत. हीच जोडी पूर्वी बऱ्याच मोठ्या दालनात होती आणि तिथे तिच्याबद्दल माझी कधीही तक्रार नव्हती. या खोलीत मात्र डबल बासचे काही सूर इतके फुगून येतात की बाकीची वाद्ये त्यांच्याखाली दबतात, तर काही सूर वाजले की नाही असा प्रश्न पडतो. डग्ग्यावर मींड घेतली जाते तेव्हा तो दोष सर्वांत स्पष्ट कळतो, कारण एकाच घसरत्या सुराचा आवाज मध्येच मोठा आणि मध्येच क्षीण होतो. अॅम्प्लिफायर बदलून पाहिला, तारा बदलून पाहिल्या, पण काहीही फरक पडला नाही.

स्पीकर रुंदीच्या भिंतीकडे आहेत आणि समोरच्या भिंतीला टेकून माझा कोच आहे. एका बाजूला दार असल्यामुळे स्पीकरची पाठ भिंतीपासून ४० सेंटीमीटरपेक्षा पुढे आणता येत नाही. अॅम्प्लिफायर ८ ओहमला ४० वॅट देतो. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: आहे त्याहून सडपातळ असे उभे स्पीकर, मागे पोर्ट (खर्ज वाढवण्यासाठी पेटीला ठेवलेले नळीसारखे छिद्र) असलेले मध्यम आकाराचे स्टँडवरचे स्पीकर, किंवा बंद पेटीचे छोटे स्पीकर आणि गरज वाटल्यास पुढे सबवूफर (फक्त सर्वांत खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर). यांपैकी कोणता पर्याय निवडावा आणि का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण खोलीची मापे दिलीत हे फार बरे केले, कारण आपल्या तक्रारीचे उत्तर बव्हंशी त्या मापांतच आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराएवढी असते, तो सूर त्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण करतो आणि खोली तो स्वतःहून उचलून धरते. त्या हिशेबाने आपल्या खोलीच्या लांबीमुळे सुमारे ४८ हर्ट्झ, रुंदीमुळे ५७ हर्ट्झ आणि उंचीमुळे ६४ हर्ट्झ असे तीन मूळ अनुनाद (खोली स्वतःहून वाढवते ते सूर) येतात, आणि लांबीचा दुसरा अनुनाद ९५ हर्ट्झवर पडतो.

आता आपण कुठे बसता ते पाहा. स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. आपला कोच भिंतीला टेकलेला असल्यामुळे ४८ आणि ९५ हे दोन्ही अनुनाद आपल्या कानांवर पूर्ण जोराने येतात. याउलट आपण रुंदीच्या बरोबर मध्यावर बसत असाल, तर तिथे ५७ हर्ट्झच्या तरंगाचा दाब शून्याजवळ असतो आणि त्याचा आधार आपल्याला जवळजवळ मिळतच नाही. डबल बासची मोकळी ‘जी’ (G) तार ९८ हर्ट्झची आहे, म्हणजे फुगणाऱ्या ९५च्या अगदी शेजारची. मोकळी ‘ए’ (A) तार ५५ हर्ट्झची आहे, म्हणजे नेमक्या उपाशी राहिलेल्या पट्ट्यातली. आपल्याला फुगलेले आणि हरवलेले वाटणारे सूर याच परिसरातले आहेत का, हे एकदा ताडून पाहावे.

म्हणून माझा आग्रह असा आहे की स्पीकर विकण्याआधी कोच हलवावा. डोके मागच्या भिंतीपासून ६० ते ७० सेंटीमीटर पुढे आले, तर ९५ हर्ट्झचा फुगवटा आदर्श गणितात ७ डेसिबलच्या आसपास उतरतो. आणखी पुढे, बरोबर ९० सेंटीमीटरवर, तो सूर उलट खड्ड्यात जातो, त्यामुळे तिथपर्यंत जाऊ नये. ४८ हर्ट्झ मात्र एवढ्या हालचालीने फारसा कमी होणार नाही, आणि स्पीकरच्या निवडीचा खरा संबंध तिथे येतो. जो स्पीकर ३० हर्ट्झपर्यंत दमदार उतरतो, तो लहान खोलीला ४८ हर्ट्झवर भरपूर ऊर्जा पुरवतो आणि खोली ती आणखी वाढवून परत देते. जो स्पीकर ६० हर्ट्झच्या आसपासच उतरणीला लागतो, त्याच्या कमतरतेचा काही भाग खोली स्वतः भरून काढते. आपले जुने स्पीकर मोठ्या दालनात चांगले वाटत होते यात काहीच विसंगती नाही, कारण तिथे हे मूळ अनुनाद बरेच खाली असणार आणि आपण भिंतीपासून दूर बसत असणार.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे आणि त्याला माझा अनुभव जोडतो. जवळपास याच मापाच्या खोलीत मी गेली काही वर्षे बंद पेटीचे छोटे स्पीकर वापरतो. त्याआधी माझ्याकडे पोर्टचे, बऱ्यापैकी मोठ्या वूफरचे स्पीकर होते. ते दुकानातील प्रशस्त खोलीत ऐकून मी भारावून गेलो आणि घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी निराश झालो. पोर्टमध्ये फोमचे बूच बसवल्यावर निम्मी तक्रार मिटली, आणि तेव्हापासून मी बंद पेटीकडे गांभीर्याने पाहू लागलो.

यामागचे कारण सांगण्याजोगे आहे. बंद पेटीतील हवा वूफरच्या पडद्यामागे स्प्रिंगसारखे काम करते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली एआर-१ या स्पीकरमध्ये याच तत्त्वाचा उपयोग करून तुलनेने लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला होता. अशा स्पीकरचा आवाज त्याच्या मर्यादेखाली सप्तकामागे १२ डेसिबल या वेगाने उतरतो, तर पोर्टच्या स्पीकरचा २४ डेसिबलने. लहान खोलीत सर्वांत खालच्या अनुनादाच्या खाली हवेचा दाब सर्वत्र एकदमच वरखाली होऊ लागतो आणि खर्जाला खोलीकडून थोडी भर मिळते. ही भर बंद पेटीच्या सौम्य उताराशी चांगली जुळते. दारे-खिडक्यांतून दाब निसटतो म्हणून ती पुस्तकी गणिताइतकी मिळत नाही, पण कानाला जाणवते.

लहान जागेसाठी मुद्दाम बेतलेल्या स्पीकरचे नामांकित उदाहरण म्हणजे बीबीसीने १९७०च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए. बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेत मानवी आवाज आणि वाद्ये नीट पारखता यावीत, हा त्याचा उद्देश होता. त्याची पेटी बंद असून आकारमान सुमारे ५ लिटर आहे. तो खोल खर्ज देत नाही, आणि मोठ्या दालनात वाद्यवृंद ऐकणाऱ्याला तो अपुरा वाटेल हेही मी मान्य करतो. परंतु गायकाचा श्वास, तंबोऱ्याची जवारी, सारंगीचा गज तारेवर टेकतो तो क्षण, हे सारे लहान खोलीत असा स्पीकर ज्या सच्चेपणाने समोर ठेवतो, ते ऐकल्यावर मला तळातल्या अर्ध्या सप्तकाची उणीव भासत नाही.

आपल्या ४० वॅटबद्दल चिंता नसावी. असे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८३-८४ डेसिबल एवढाच आवाज देतात, पण ४० वॅटमुळे त्यात १६ डेसिबलची भर पडते, आणि अडीच-पावणेतीन मीटरवरील अंतराची घट धरूनही दोन स्पीकर मिळून ९० डेसिबलच्या पुढे जातात. एवढ्या खोलीत याहून मोठ्याने फार वेळ ऐकणे कानांच्या हिताचे नाही.

प्रतिसाद ३

दोन मुद्द्यांवर मला वेगळे मत मांडायचे आहे.

पहिला मुद्दा पोर्टचा. मागे पोर्ट असला की भिंतीजवळ चालत नाही आणि पुढे असला की चालतो, ही समजूत बरीच पसरली आहे. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढ्या लांब तरंगाला पोर्ट पेटीच्या कोणत्या बाजूला आहे याने नगण्य फरक पडतो. भिंत दोन्ही प्रकारच्या स्पीकरचा खर्ज सारखाच वाढवते, आणि मागच्या पोर्टला फक्त हवा मोकळेपणाने ये-जा करण्याइतकी फट हवी. त्यामुळे पोर्टची जागा पाहून निवड करू नये. स्पीकर किती खाली उतरतो आणि कसा उतरतो ते पाहावे.

दुसरा मुद्दा भिंतीपासूनच्या अंतराचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा वूफर आणि भिंत यांमधील अंतर ज्या सुराच्या पाव तरंगलांबीएवढे असते, तो सूर थेट आवाजाशी विरुद्ध कलेत (एकाचा दाब वाढताना दुसऱ्याचा घटतो अशा रीतीने) येऊन कापला जातो. आपण ४० सेंटीमीटर जागा सोडून ३० सेंटीमीटर खोल पेटी ठेवलीत, तर वूफर भिंतीपासून ७० सेंटीमीटरवर येईल आणि साधारण १२२ हर्ट्झवर खड्डा पडेल. त्यात बाजूची भिंत ६० सेंटीमीटरवर असेल, तर तिचा खड्डा १४३ हर्ट्झच्या आसपास येऊन दोन्ही एकमेकांना बळ देतील, आणि पुरुषगायकाचा षड्ज नेमका याच भागात असतो. अशा जवळजवळ समान अंतरांचा दुष्परिणाम स्पीकर-रचनाकार रॉय अॅलिसन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिला होता. म्हणून आपल्या खोलीत अर्धवट पुढे आणण्यापेक्षा मागे-पुढे कमी खोल पेटीचा स्पीकर भिंतीला जवळजवळ लावून ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. वूफर भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर असला तर खड्डा २८६ हर्ट्झपर्यंत वर सरकतो, आणि तिथे स्पीकरमागे लावलेला १० सेंटीमीटर जाडीचा रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचा) तक्ता त्याला बराच आवर घालू शकतो.

पडद्यांविषयीही सांगतो. पातळ पडदे आणि पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतात. त्यांनी खोली भरली की आवाज वर मंद होतो आणि खाली तसाच घुमत राहतो. अशा खोलीत परावर्तित आवाजही कानापर्यंत भरपूर पोहोचत असल्यामुळे, समोरून जसा तसाच बाजूंनीही समतोल आवाज देणारा स्पीकर घ्यावा. श्रोत्यांची पसंती आणि हा गुण यांचा निकटचा संबंध ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या संशोधनातून स्पष्ट झाला आहे. ऐकताना एकदा उभे राहून आणि एकदा बाजूला सरकून ऐकावे. आवाजाचा पोत फार बदलत असेल तर तो स्पीकर लहान खोलीसाठी घेऊ नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल कोच पुढे ओढून डोके भिंतीपासून ६५ सेंटीमीटरवर येईल असे केले आणि ४० ते १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झच्या अंतराने शुद्ध स्वर वाजवून पाहिले. ९५चा फुगवटा स्पष्टपणे उतरला आहे. ४५ ते ५०च्या दरम्यान खोली अजूनही घुमते आणि ५५चा स्वर तिच्या मानाने दुबळाच आहे. डबल बासच्या ‘जी’ आणि ‘ए’ या तारांबद्दलचा तर्क तंतोतंत खरा ठरला. डग्ग्याची मींडही आता बरीच सलग ऐकू येते. त्यामुळे मी बंद पेटीच्या छोट्या स्पीकरकडे वळलो आहे. सबवूफर लगेच घ्यावा का, आणि स्टँड किती उंच असावा?

प्रतिसाद १

सबवूफरची घाई करू नये. महिनाभर छोटे स्पीकर एकटे ऐका, कारण भिंतीमुळे मिळणारी भर आपल्याला पुरेशी वाटण्याची बरीच शक्यता आहे. पुढे घेतलाच तर तो कोपऱ्यात न ठेवता लांबीच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवून पाहा. तिथून ४८ हर्ट्झचा अनुनाद फारच कमी चेतवला जातो. जागा नक्की करण्यासाठी सबवूफर तात्पुरता कोचावर, आपल्या बसण्याच्या जागी, ठेवून आपण भिंतीकडेने खाली वाकून ऐकत फिरावे आणि जिथे खर्ज सर्वांत सलग वाटेल तिथे तो न्यावा. उरलेला फुगवटा इक्वलायझरने (निवडक सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापता येतो. खड्डा मात्र त्याने भरायचा प्रयत्न करू नये, कारण त्या जागी दिलेली जास्तीची ऊर्जाही तशीच रद्द होते आणि वूफरवर विनाकारण ताण येतो.

स्टँडची उंची आपल्या कोचावरून ठरवावी. बसल्यावर कान जमिनीपासून किती उंच येतो ते मोजा आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा घटक) त्याच पातळीवर येईल असा स्टँड घ्या. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक चालेल, पण स्टँड डुगडुगता नसावा.

मूळ प्रश्नकर्ता

कान ९४ सेंटीमीटरवर येतो. ज्या बंद पेटीच्या जोडीचा विचार करतो आहे, तिचा ट्वीटर तळापासून २४ सेंटीमीटरवर आहे, म्हणजे ७० सेंटीमीटरचा स्टँड लागेल. स्पीकर आणि कोच यांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवल्या आहेत. ती जोडी आठवडाभरासाठी घरी ऐकायला मिळणार आहे. दोन्ही जोड्यांचा आवाज समान पातळीवर आणून तेच ध्वनिमुद्रण ऐकेन आणि काय आढळले ते इथे लिहीन.